चहाला शेजार मोगऱ्याचा

बदलीचा हुकूम आला की आमच्या घरात आधी काळ्या लोखंडी ट्रंका बाहेर निघतात. बबीनाला येताना त्यांतल्या एका ट्रंकेत लोकरीचे कपडे होते, कपड्यांत डांबराच्या गोळ्या होत्या, आणि कोपऱ्यात उरलेल्या जागेत दार्जिलिंगच्या चहाची कागदी पुडी. झाशीपासून पंचवीसेक किलोमीटरवर, ललितपूरच्या वाटेवरच्या या छावणीत सामान उतरलं. पहिल्या संध्याकाळी आधण ठेवलं, चहा केला, आणि पहिल्याच घोटाला तोंडभर डांबराचा वास आला. पुडी फाटली नव्हती. गोळीचा कणही चहात पडला नव्हता. सगळा चहा टाकून द्यावा लागला.

सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, चहाला शेजार बघून द्यावा लागतो."

त्यांचं हे वाक्य माझ्या मनातून जाईना. शेजारच्या वासाने चहा बिघडतो, तर शेजारच्याच वासाने तो घडतही असेल का? शोधत गेले तेव्हा कळलं की जगातला एक अतिशय नावाजलेला चहा नेमका असाच घडतो. आणि त्याला जो शेजार लागतो, तो आपल्या कुंडीत, आपल्या गजऱ्यात, आपल्या माठात कधीपासून आहे.

पान वास का धरतं?

झाडावरच्या ताज्या चहाच्या पानात वजनाच्या तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. ते पान कोमेजवतात, वळतात, वाळवतात. एक किलो तयार चहासाठी चार-साडेचार किलो ओली पानं लागतात. शेवटी पानात पाणी उरतं तीन ते पाच टक्के. पाणी निघून गेलं की त्याच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहतात आणि वळलेल्या पानाच्या घड्यांत हवा खेळू लागते. भरीला पानात मेणासारखे पदार्थ असतात, आणि वासाचे रेणू तेलामेणात चटकन विरघळतात. म्हणून कोरडं पान हवेतली ओल ओढून घेतं आणि ओलीबरोबर वासही घेतं. कांद्याचा, उदबत्तीचा, डांबराचा, जो मिळेल तो.

पानाला स्वतःचा गंध नसतो असं मात्र नाही. हिरव्या पानात तो साखरेच्या रेणूंशी बांधलेला असतो, त्यामुळे नाकाला लागत नाही. पान चुरगळलं की पेशी फुटतात, आतली विकरं ती गाठ सोडवतात आणि गंध मोकळा होतो. दार्जिलिंगला मे-जूनच्या तोडणीत तर याहून नवल घडतं. कोवळ्या पानांना तुडतुडे चावतात, झाड स्वतःच्या बचावासाठी नवे गंधरेणू तयार करतं, आणि त्यातूनच त्या चहाला पिकल्या द्राक्षाची आठवण करून देणारा सुवास येतो. त्यात बाहेरून काहीही घातलेलं नसतं. किडीच्या चाव्याला झाडाने दिलेलं उत्तर आपण कपातून पितो.

फूचौचा मोगरा

चीनच्या फूज्यान प्रांतात फूचौ नावाचं शहर आहे. तिथला सुगंधी चहा जगभर 'जास्मिन टी' म्हणून विकला जातो. जास्मिन म्हटलं की आपल्यासमोर जाई नाहीतर चमेली येते. पण या चहासाठी वापरतात ते फूल शास्त्रीय नावाने जास्मिनम सँबॅक, म्हणजे आपला मोगरा. बबीनाच्या बाजारात याच फुलाला बेला म्हणतात. मोगरा मूळचा आपल्याच बाजूचा, आणि तो फार जुन्या काळी इथून चीनला गेला असं मानलं जातं. फूचौची ही मोगरा आणि चहाची जोडशेती संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली जागतिक महत्त्वाच्या शेती-वारशांत नोंदली.

चहाची पानं वसंतात खुडतात, पण मोगरा बहरतो भर उन्हाळ्यात. म्हणून तयार चहा कित्येक आठवडे मोगऱ्याची वाट बघत थांबतो. मग दुपारच्या कडक उन्हात कळ्या तोडतात. त्या टपोऱ्या, पांढऱ्या असाव्या लागतात, पण मिटलेल्या. उमललेलं फूल चालत नाही, आणि सगळं मर्म इथेच आहे. गुलाबाच्या पाकळीत सुगंधी तेल आधीपासून साठलेलं असतं, म्हणून गुलाब वाळला तरी थोडा दरवळतो. मोगऱ्याचं तसं नाही. त्याचा गंध उमलता उमलता तयार होतो आणि लगेच हवेत जातो. मिटल्या कळीत तो जवळजवळ नसतो, कोमेजल्या फुलात उरत नाही. असतो तो मधल्या काही तासांत, आणि तेही रात्री. पांढरी, रात्री उमलणारी फुलं अंधारात फिरणाऱ्या पतंगांना बोलावण्यासाठी अशी दरवळतात.

ते बोलावणं चहाच्या पानाने ऐकावं अशी सगळी मांडणी असते. कळ्यांचे ढीग घालून त्यांना ऊब देतात. संध्याकाळी त्या उमलू लागल्या की चहा आणि फुलं एकमेकांत मिसळतात. ढिगात फुलं श्वास घेत असतात, त्यामुळे तो आतून तापतो. फार तापला तर फुलं उकडून निघतील, म्हणून रात्रीच तो पसरून, हलवून पुन्हा रचतात. पहाटेपर्यंत पानाने गंध प्यायलेला असतो आणि फुलं मलूल झालेली असतात. ती चाळून काढतात. पानाने फुलांची ओलही घेतलेली असते, म्हणून चहा पुन्हा वाळवतात आणि काही दिवसांनी नव्या कळ्या आणून तेच सगळं पहिल्यापासून करतात. उत्तम प्रतीच्या चहाला अशा सहा-सात रात्री मिळतात आणि चहापेक्षा कितीतरी जास्त वजनाची फुलं खर्ची पडतात. एवढं होऊन डब्यात पाकळी सापडायलाच हवी असं नाही. फूल निघून गेलेलं असतं, त्याची रात्र पानात राहिलेली असते.

आपल्या घरची जुनी ओळख

हे वाचत होते तेव्हा मला आजोळचा माठ आठवला. उन्हाळ्यात त्यात वाळ्याची पुरचुंडी आणि रात्री मोगऱ्याची चार फुलं टाकलेली असत. सकाळचं पाणी पिताना गार आधी लागे की सुवासिक, हे सांगता येत नसे. उत्तर प्रदेशात, जौनपूरच्या बाजूला, चमेलीचं तेल करण्याची जुनी रीत तर फूचौची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. सोललेल्या तिळांवर फुलांचे थर रचायचे, कोमेजलेली फुलं काढून ताजी पसरायची, असं तीळ सुगंधाने भरेपर्यंत करत राहायचं आणि मग ते घाण्याला लावायचे. हेच फुलेल. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त गंधयुक्ती नावाचा स्वतंत्र अध्यायच आहे. फुलाशेजारी कोरडी वस्तू ठेवून तिला गंध देणं ही विद्या या मातीला नवी नाही. आपण तीळ ठेवले, चिन्यांनी चहा ठेवला.

चहाला गंध देण्याच्या आणखी दोन वाटा आहेत. एक म्हणजे तेल फवारणं. अर्ल ग्रे चहाला बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल लावतात. हे फळ मुख्यतः इटलीच्या कालाब्रियात पिकतं, आणि चहाला नाव मिळालं ते १८३० ते १८३४ या काळात ब्रिटनचे पंतप्रधान असलेल्या अर्ल ग्रे यांचं. दुसरी वाट म्हणजे जिन्नसच मिसळणं. काश्मिरी काहव्यातलं केशर-वेलची, आपल्या चहातलं आलं, आणि अर्थात गवती चहा. ज्या गवताला आपण थेट चहाच म्हणून टाकलं, त्यात चहाच्या झाडाचा अंशही नाही. त्याचा लिंबासारखा वास सिट्रल या द्रव्याचा. प्रत्येक बदलीला माझ्यासोबत त्याचा एक ठोंब मुळासकट येतो आणि क्वार्टरच्या मागे रुजतो.

बबीनातल्या तीन रात्री

मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो आणि लू वाहते. अंगाला ती सोसत नाही, पण मोगऱ्याला मानवते. कुंड्या कळ्यांनी भरून जातात. मागच्या उन्हाळ्यात मी घरी करून पाहिलं, ते असं.

सुट्ट्या पानांचा साधा हिरवा चहा घेतला, ५० ग्रॅम. दाणेदार सीटीसी चहा इथे उपयोगाचा नाही. तो दुधासाठी, कडक रंगासाठी बनवलेला असतो आणि त्याच्या जोरापुढे मोगरा टिकत नाही. कळ्याही साधारण ५० ग्रॅम, घरच्याच झाडांच्या. बाजारच्या गजऱ्यावर कीटकनाशक असू शकतं, म्हणून तो कधीही वापरू नये. संध्याकाळी स्टीलच्या पसरट डब्यात एक थर चहाचा, एक कळ्यांचा असं रचलं आणि वर मलमलचं फडकं टाकलं. रात्री अकराच्या सुमारास हात घातला तर आतून ऊब लागत होती. सगळं हलक्या हाताने वरखाली केलं. सकाळी एकेक फूल वेचून काढलं. ती तपकिरी, लिबलिबीत झाली होती, आणि त्यांना नाकाशी धरलं तर गंध जवळजवळ नव्हता. चहाचा मात्र सुटला होता.

पान ओलसर झालं होतं, आणि ओल राहिली तर बुरशी धरते. ते उन्हात ठेवलं नाही, कारण उन्हात गंध उडून जातो. आतल्या खोलीत कागदावर पसरलं. इथली उन्हाळी हवा इतकी कोरडी की संध्याकाळपर्यंत पान बोटांत कुरकुरीत मोडू लागलं. दमट कोकणात हे साधणार नाही, तिथे अगदी मंद आचेवर कढईत फिरवावं लागेल. असं तीन रात्री केलं. मग घट्ट झाकणाचा डबा, आणि त्याच्या शेजारी काहीही नाही.

कपात उतरवताना

कमावलेला गंध उकळून घालवू नये. हिरव्या सुगंधी चहाला ८० अंशांच्या आसपासचं पाणी पुरतं. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पाच वाट्या उकळत्या पाण्यात दोन वाट्या माठातलं पाणी घातलं की साधारण तेवढं तापमान येतं. दीडशे मिलिलिटर पाण्याला दोन-तीन ग्रॅम पान घ्यावं, झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं मुरू द्यावं आणि गाळावं. जास्त वेळ ठेवलं तर तुरटपणा गंधावर चढतो. काळ्या अर्ल ग्रेला पाणी उकळतं लागतं, पण पातेल्यात खळाखळा उकळू नये. आपल्या रोजच्या चहातही हाच नियम आहे. आलं उकळावं लागतं, कारण त्याचा तिखटपणा सहज उडत नाही आणि तो चोथ्यातून बाहेर यायला वेळ घेतो. गवती चहा आणि वेलची शेवटी घालून झाकण ठेवायचं, कारण त्यांचा गंध वाफेबरोबर पळतो. आपल्या आया हे कधी वाचून शिकल्या नव्हत्या.

पाण्याकडेही बघा. इथल्या बोअरच्या पाण्याने माझ्या किटलीत पांढरा थर धरतो आणि चहावर तपकिरी साय येते. लंडनच्या इंपिरियल कॉलेजमध्ये मायकेल स्पायरो आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९३ साली या सायीचाच अभ्यास केला. पाण्यातला चुना, बायकार्बोनेट आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यामुळे ती बनते. अशा जड पाण्यात नाजूक चहा मुका होतो. गाळून मृदू केलेलं पाणी वापरलं की त्याच डब्यातला चहा वेगळा लागतो.

मग चव. चहा पारखणारे लोक चमचाभर चहा जोरात भुरका मारून ओढतात. घरात भुरक्याला ओरडा बसतो, पण तो मारण्यामागे कारण आहे. चहा हवेत मिसळून बारीक तुषार होतो आणि त्याचा गंध घशामागच्या वाटेने नाकात चढतो. जिभेला पाच मुख्य चवी कळतात. नाकात गंध ओळखणारे ग्राहक सुमारे चारशे प्रकारचे असतात. करून पाहा. नाक चिमटीत धरून मोगऱ्याचा चहा प्या. नुसतं कोमट, किंचित तुरट पाणी लागेल. चिमूट सोडा, आणि मोगरा आत येईल.

माझ्या भिंतीपलीकडे आसामच्या भाभी राहतात. त्यांना पहिला कप दिला. त्यांनी घोट घेतला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "फूल कहाँ है?" कपात फूल नव्हतंच.

मोगऱ्याचा बहर असेपर्यंत एक रात्र तरी हे करून पाहा. घरच्या झाडाच्या मूठभर कळ्या, पन्नास ग्रॅम सुटा चहा आणि एक स्वच्छ डबा, एवढंच लागतं. आणि आजच स्वयंपाकघरात जाऊन आपला चहाचा डबा कशाशेजारी ठेवला आहे ते बघा. मसाल्याच्या, कांद्यालसणाच्या किंवा उदबत्तीच्या जवळ असेल, तर तो तिथून उचला.