भर थंडीतली ‘मधमाशी’

इंग्लंडमध्ये जानेवारीत जरा ऊन पडलं, की भिंतीवर मधमाशीसारखं काहीतरी येऊन बसतं. लोक फोटो काढतात. पंख मोजले तर दोनच! मधमाशीला चार असतात. म्हणजे ही माशीच.

पण कोणती? फोटो मोठा करून डोळे पाहावेत. त्यांवर गडद केसांचे उभे पट्टे असतील, तर ती एरिस्टॅलिस टेनॅक्स. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या एरिस्टॅलिस पर्टिनॅक्सच्या पुढच्या पायांची टोकं पिवळसर असतात. दोन डोळ्यांमध्ये अंतर असेल, तर मादी. टेनॅक्सच्या फलित माद्या फटी-कपारींत हिवाळा काढतात आणि ऊब मिळताच बाहेर पडतात. त्यामुळे फोटोवरची तारीखही पुरावा ठरते.

फोटो तीन घ्यावेत: वरून, बाजूने आणि चेहऱ्याचा. नुसती पाठ पाहून जात ठरवू नये.