पाळण्याभोवतीचे गाणे: बेळगाव-निपाणी सीमाभागातील जन्मगीते

वाढदिवसाला गाणे म्हणण्याची रीत मराठी घरांत अलीकडे रुजली असली, तरी जन्माचा आनंद गाऊन व्यक्त करण्याची परंपरा येथे कित्येक शतकांची आहे आणि तिचे मुख्य रूप म्हणजे पाळणा होय. ज्यात बाळाला निजवतात त्याला पाळणा म्हणतात, आणि त्याची दोरी हलवीत जे गीत म्हटले जाते त्यालाही पाळणाच म्हणतात. बेळगाव, खानापूर, चिकोडी आणि निपाणी या सीमाभागात या गीताला दुसरे एक नाव आहे, ते कन्नडमधील जोगुळ. आणि हे दोन्ही प्रकार येथे एकाच गल्लीत, सोयरिकीमुळे कधी एकाच घरात ऐकू येतात. वैशाखाच्या आरंभी तर लागोपाठच्या दोन तिथींना दोन भाषांतून दोन थोर पुरुषांचे जन्म याच रीतीने गायले जातात, त्यामुळे जन्मगीताचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला याहून चांगली जागा सापडणे कठीण आहे.

या गीताचे मूळ घर म्हणजे बारसे. जन्मानंतर बाराव्या दिवशी बाळाला प्रथम पाळण्यात घालून त्याचे नाव ठेवण्याचा हा विधी पूर्णपणे बायकांच्या हाती असतो. आधी वरवंट्याला बाळाप्रमाणे नटवून पाळण्यात ठेवतात, मग दोन्ही बाजूंना उभ्या राहिलेल्या बायका गोविंद-गोपाळ अशी नावे घेत बाळाला पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हाती देतात, आत्या बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते, पाळणा म्हटला जातो आणि घुगऱ्या वाटल्या जातात. पाळण्याची रचना या प्रसंगाला नेमकी जुळणारी आहे. पुष्कळशा पाळण्यांत पहिल्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत एकेका दिवसाला एकेक कडवे दिलेले असते, पाचव्या दिवशी पाचवीची पूजा, सहाव्या दिवशी ललाटलेख लिहिणारी सटवाई असा क्रम त्यातून पुढे सरकतो आणि नामकरणाच्या दिवशी गीत पूर्ण होते. दिवसांच्या या गणतीमुळे अक्षरओळख नसलेल्या बाईलाही पुढचे कडवे आपोआप आठवते, कडव्याअखेरचे ‘जो जो’ मात्र सगळ्याजणी मिळून म्हणतात, आणि चाल चार-पाच स्वरांच्या आतच फिरत असल्यामुळे जिला गाता येत नाही असे कोणी म्हणेल तिलाही ती सहज म्हणता येते. संगीताच्या दृष्टीने हे साधे वाटेल. परंतु घरातील प्रत्येक बाईला गाण्यात सामील करून घेणारी रचना करणे हे लहान कौशल्य नाही.

घरातील हे गीत देवळात गेले तेव्हा त्याला घड्याळ मिळाले. देवाच्या जन्मोत्सवात कीर्तनकार जन्माख्यान लावतो, म्हणजे जन्माची कथा अशा बेताने सांगत नेतो की जन्माचा क्षण बरोबर ठरलेल्या वेळी यावा. रामजन्म चैत्र शुद्ध नवमीला माध्यान्ही, कृष्णजन्म श्रावण वद्य अष्टमीला मध्यरात्री, हनुमानजन्म चैत्री पौर्णिमेला सूर्योदयाला आणि दत्तजन्म मार्गशीर्ष पौर्णिमेला सायंकाळी असे चार प्रहर चार जन्मांनी वाटून घेतले आहेत. त्या क्षणी फुले व गुलाल उधळतात, मूर्ती पाळण्यात ठेवतात, आणि कथा ऐकत बसलेला श्रोतृवर्ग स्वतः गाऊ लागतो, त्यानंतर सुंठवडा वाटला जातो, जो वास्तविक बाळंतिणीच्या आहारातील पदार्थ आहे. दत्तजयंतीला निपाणी परिसरातील भाविक कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडीला जातात, तेथील सायंकाळचा पाळणा हा या भागातील मोठ्या समुदायगानांपैकी एक म्हणावा लागेल.

संतांनी याच चौकटीत तत्त्वज्ञान बसवले. एकनाथांनी कृष्णाचा पाळणा लिहिला. मुक्ताबाईच्या नावावर चांगदेवांसाठीचा पाळणा आहे, ज्यात वयाने थोर असलेल्या योग्याला आत्मज्ञानात नव्याने जन्मलेले बाळ मानले आहे. आणि मार्कंडेय पुराणातील मदालसा राणी आपल्या मुलांना वैराग्याचे अंगाईगीत ऐकवते. विसाव्या शतकात ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या गीतरामायणाने, ज्याचे प्रसारण १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले, रामजन्माचे एक गीत दिले, आणि ते अनेक देवळांतील जन्मोत्सवात परंपरेच्या पाळण्याशेजारी जाऊन बसले. नव्या रचनेला जुन्या विधीने इतक्या लवकर आपलेसे केल्याची उदाहरणे थोडी आहेत.

सीमाभागाचे वैशिष्ट्य यापुढे सुरू होते. शिवाजी महाराजांच्या जन्माची तिथी बखरींच्या आधारे वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ मानली जात असे. पुढे लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली आणि तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही नोंद आढळली. महाराष्ट्र शासन आज १९ फेब्रुवारी पाळते. बेळगावने मात्र वैशाखातील जुनी तिथी सोडलेली नाही, तिथला मोठा उत्सव आणि त्यानंतर रात्रभर चालणारी चित्ररथांची मिरवणूक याच तिथीला धरून होते. इतिहाससंशोधनाच्या कसोटीवर फाल्गुनातील तिथीचा पुरावा अधिक सबळ आहे हे मान्य केले, तरी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या दिवशी पाळणा म्हटला तो दिवस केवळ कागदाने बदलत नाही, हेही तितकेच खरे आहे. शिवजन्माच्या पाळण्यात शिवनेरी, जिजाबाई आणि स्वराज्याची आशा यांची वर्णने असतात, पण साचा बारशाचाच असतो. छत्रपतींना गाताना बायका त्यांना आधी घरातले तान्हे मूल करतात आणि मगच राजा करतात.

द्वितीयेच्या दुसऱ्याच दिवशी वैशाख शुद्ध तृतीया, म्हणजे अक्षय्यतृतीया येते आणि त्या तिथीला बसवजयंती असते. बाराव्या शतकातील शरण चळवळीचे अध्वर्यू बसवण्णा यांचा जन्म आजच्या विजयपुरा जिल्ह्यातील बागेवाडीचा. त्यांच्या जयंतीला सार्वजनिक रूप देण्याचे काम हर्डेकर मंजप्पा यांनी १९१३ मध्ये दावणगेरे येथे केले, तर शिवजयंतीला ते रूप टिळकांनी १८९५-९६ च्या सुमारास दिले होते. बसवजयंतीला उत्तर कर्नाटकातील लिंगायत स्त्रिया बालबसवाची प्रतिमा किंवा मूर्ती फुलांनी सजवलेल्या पाळण्यात ठेवतात, त्या पाळण्याला तोट्टिलु म्हणतात, आणि जोगुळ गातात. कन्नड जोगुळाचेही पालुपद ‘जो जो’ असेच असते. पुरंदरदासांच्या कृष्णगीतात ते आहे आणि तेलुगूतील अन्नमाचार्यांच्या पंधराव्या शतकातील रचनेतही आहे. हा ध्वनी कोणी कोणाकडून घेतला याचा निवाडा करण्याचे कारण नाही, कारण दख्खनच्या आयांनी तो भाषांच्या सीमा आखल्या जाण्यापूर्वीच वाटून घेतलेला आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून फलक, शाळा आणि कचेऱ्या यांच्या भाषेवरून येथे संघर्ष झाला आहे आणि त्यातील मराठी माणसाची वेदना खरी आहे. तरीही पाळण्याची दोरी धरताना मराठी आणि कन्नड घरांतील बायका जे करतात ते जवळजवळ एकच असते, आणि या भागाच्या सांस्कृतिक इतिहासात या गोष्टीला आजवर मिळाले त्याहून मोठे स्थान मिळायला हवे.

ही चौकट आणखीही समाजांनी वापरली आहे. जिल्ह्यात जैन वस्ती मोठी आहे आणि निपाणीजवळचे स्तवनिधी हे प्रसिद्ध जैन तीर्थ आहे. तीर्थंकरांच्या जीवनातील पाच मंगल घटनांना पंचकल्याणक म्हणतात, त्यांतील दुसरी घटना म्हणजे जन्म. म्हणून चैत्र शुद्ध त्रयोदशीला, महावीर जयंतीला, बालवर्धमानाचा पाळणा हलवून त्रिशलामातेच्या आनंदाची गीते म्हणतात. १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीला भीमजन्माचे पाळणे गायले जातात; निपाणीत ज्या बाबासाहेबांनी १९२५ च्या एप्रिलमध्ये बहिष्कृत वर्गाच्या प्रांतिक परिषदेसाठी येऊन भाषण केले होते, त्यांचा जन्म पुढे त्याच महिन्यात गीताचा विषय व्हावा, हे या गावाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. देवळात प्रवेश नाकारलेल्या समाजाने देवजन्माची गीतचौकट घेऊन आपल्या मुक्तिदात्याचा जन्म तीत गायला, ही पाळण्याच्या इतिहासातील सर्वांत धीट घटना होय.

दरवर्षीच्या वाढदिवसाची कथा याहून वेगळी आहे. धर्मशास्त्रात वर्ष पूर्ण झाल्यावर अब्दपूर्तीचा विधी सांगितला आहे. जन्मतिथीला अश्वत्थामा, बली, व्यास, हनुमान, विभीषण, कृप व परशुराम हे सात चिरंजीव आणि त्यांच्यासह मार्कंडेय यांची पूजा करून तीळ-गूळ घातलेले दूध प्यायचे असते. घरोघरी उरले ते औक्षण, म्हणजे तबकात निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी आणि अक्षता घेऊन ओवाळणे व दीर्घायुष्य चिंतणे. यात मंत्र आहे, आशीर्वाद आहे, पण सगळ्यांनी मिळून म्हणायचे वार्षिक गाणे नाही, आणि हीच मोकळी जागा एका अमेरिकी गीताने भरून काढली.

केंटकी राज्यातील लुइव्हिल येथील पॅटी हिल ही बालवाडी-शिक्षिका आणि तिची बहीण मिल्ड्रेड यांनी १८९३ मध्ये बालगीतांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात सकाळी वर्गात सर्वांना अभिवादन करण्याचे गाणे होते. पुढे त्याच चालीवर वाढदिवसाचे शब्द बसले आणि ‘हॅप्पी बर्थडे’ जगभर गेले. शेवटच्या स्वराला षड्ज मानले, तर हे गाणे मंद्र सप्तकातील, म्हणजे खालच्या सप्तकातील, पंचमावर सुरू होते आणि तिसऱ्या ओळीत, नाव उच्चारण्याच्या जरा आधी, त्या पंचमावरून थेट मध्य सप्तकातील पंचमावर, म्हणजे पूर्ण एका सप्तकाची उडी घेते. प्रत्येक जण आपल्या सोयीच्या स्वरात सुरू करीत असल्यामुळे केकभोवती जमलेले घर नेमके तिथेच बेसूर होते. पाळणा या बाबतीत अधिक समंजस आहे, कारण तो गाणाऱ्याला कधी इतके वर चढायला लावत नाही. दोघांमध्ये एक साम्य मात्र आहे, ते म्हणजे दोन्हींत नावासाठी जागा मोकळी ठेवलेली असते, आणि त्या एका जागेमुळे जगातले कोणतेही मूल त्या गाण्याचे मालक होते. १९६७ च्या ‘फर्ज’ या हिंदी चित्रपटात महंमद रफी यांनी लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या संगीतात गायलेल्या गीताने ही इंग्रजी शुभेच्छा भारतीय ठेक्यावर आणली, आणि वाढदिवसाला वाजवायचे आपले असे एक गाणे हिंदी-मराठी घरांना मिळाले.

त्या अमेरिकी गीताच्या शब्दांवर १९३५ च्या नोंदणीच्या आधारे कॉपीराइट, म्हणजे रचनेच्या वापरावरील कायदेशीर मालकीहक्क, सांगितला जात असे आणि चित्रपटात ते वापरण्यासाठी पैसे मोजावे लागत. सप्टेंबर २०१५ मध्ये लॉस एंजेलिस येथील संघीय न्यायाधीश जॉर्ज किंग यांनी तो दावा अमान्य केला आणि २०१६ मध्ये १ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड होऊन गाणे सर्वांसाठी खुले झाले. पाळण्यावर असा दावा कोणी केला नाही, पण मालक नसलेल्या गीताला राखणदारही नसतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या प्रकल्पाने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जतन केल्या, सानेगुरुजींनी ‘स्त्री जीवन’ मध्ये ओव्या संकलित केल्या. सीमाभागातील दोन्ही भाषांच्या पाळण्यांकडे तितक्याच आस्थेने पाहायला हवे. सार्वजनिक पाळणे जवळजवळ सगळेच पुरुषांच्या जन्माचे आहेत ही उणीवही उघड आहे; आपल्या राज्यासाठी लढलेल्या कित्तूरच्या राणी चन्नम्मा याच जिल्ह्यातल्या, आणि त्यांच्या जन्माचा पाळणा मराठीत व कन्नडमध्ये लिहिला जावा, एवढी अपेक्षा येथील कवींकडून करणे गैर नाही. ज्या घरात आजी, आत्या किंवा शेजारची अज्जी अजून पाळणा किंवा जोगुळ म्हणते, त्या घराने येत्या बारशाला किंवा वाढदिवसाला तो पूर्ण म्हणवून घ्यावा, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा, आणि गाणारीचे माहेर, गाव व वर्ष वहीत लिहून ठेवावे.