वाजवून घेता न येणारी नाणी

एका बाजूला राम, लक्ष्मण, सीता आणि पायाशी मारुती. दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, एक आणा’. ऑनलाइन बाजारात हे नाणे कुठे काही शे रुपयांना दिसते, तर कुठे काही लाखांना. ते तांदळाचे दाणे ओढून घेते, अशी लोणकढी थापही कधी सोबत मिळते. प्रत्यक्षात कंपनीने असे नाणे कधी पाडलेच नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात एक आण्याचे नाणे आले ते १९०७ साली. तोवर कंपनीचे राज्य संपून जवळपास पन्नास वर्षे झाली होती.

तरी थाप खपते, कारण तिला खऱ्याची फोडणी असते. मद्रासकडे कंपनीने पाडलेल्या पॅगोडा नाण्यांवर विष्णूची आकृती खरोखरच होती. पूजेत ठेवायचे रामटंकेही जुनेच. विक्रेता या दोहोंची सरमिसळ करतो आणि देव्हाऱ्यात शोभणारा बिल्ला इतिहास म्हणून विकतो.

महाराष्ट्रात सर्वांत जास्त मोह पडतो तो शिवराईचा. १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेले हे तांब्याचे नाणे, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ते हाताने ठोकले जाई. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे एखादे अक्षर कडेबाहेर जाई. ठसे कोरणारे हात अनेक, म्हणून अक्षरांचे वळणही निरनिराळे. पुढे पेशवाईत दुदांडी शिवराई चालली, तिचा घाट आणखी वेगळा. नकली शिवराई बहुधा साच्यात ओतलेली असते. एकाच विक्रेत्याच्या चार नाण्यांवर तोच खळगा त्याच जागी दिसला, तर चौघांची आई एकच आहे असे समजावे. महाराजांचा सोन्याचा होन तर इतका दुर्मिळ, की तो मोबाइलवर सवलतीच्या दरात मिळत असेल, तर पुढे चौकशी करण्याचेही कारण उरत नाही.

तिसरा प्रकार दुर्मिळ सालांचा. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया संग्राहकांना हवा असतो, म्हणून त्याच्या नकला सुटतात. दुसऱ्या सालाच्या अस्सल रुपयावरचा आकडा कोरून बदलण्याची युक्तीही जुनीच. अशा वेळी नाणे खरे असते, खोटे असते ते साल. म्हणून शेवटच्या अंकाभोवतीचा भाग भिंगाखाली पाहावा लागतो.

दुकानात नाणे हातात घेता येते, दगडावर वाजवून पाहता येते. पडद्यावर फक्त फोटो असतो आणि तोही बरेचदा दुसऱ्याच्या संग्रहातून उचललेला. त्यामुळे खरी झुंज वर्णनाशी असते. ‘आजोबांच्या ट्रंकेत सापडले’, ‘मला नाण्यांतले फारसे कळत नाही’, ‘फोटोत दिसते तसे मिळेल’: या वाक्यांत विक्रेता कशाचीच हमी देत नाही. खरेदीदाराने ती हमी काढून घ्यायची. वजन किती, व्यास किती, कडेचा फोटो आहे का आणि नाणे अस्सल आहे असे लिहून देणार का, हे संकेतस्थळाच्याच संदेशपेटीत विचारावे. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणे नेऊ नये. उत्तर आले तर पुरावा हाती येतो, टाळाटाळ झाली तर पैसे वाचतात.

या लेखी उत्तराला कायद्याचे बळ आहे. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार माल बनावट निघाला किंवा जाहिरातीतल्या वर्णनाशी जुळला नाही, तर तो परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि एका महिन्यात निवारण करावे लागते. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. शिवाय १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षे जुने नाणे ‘पुरावस्तू’ ठरते आणि पुरावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. शिवराया सर्रास विकणाऱ्याला परवाना क्रमांक विचारला, की बोलणे बरेचदा तिथेच आटोपते.

पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढावा. मग काटा हाती घ्यावा. ब्रिटिश अमलातला १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, सुमारे ९२ टक्के चांदीचा. सराफाकडे असतो तशा छोट्या डिजिटल काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि रुपया दोऱ्याने पाण्यात असा लोंबकळत सोडावा, की तो तळाला टेकणार नाही. अस्सल रुपया सुमारे १.१३ ग्रॅम दाखवतो. तांबे-निकेलची तेवढ्याच वजनाची नक्कल १.३ च्या आसपास जाते. कडेवर सांध्याची रेघ किंवा पृष्ठभागावर बारीक फोडांसारखे खळगे दिसले, तर नाणे ओतीव. घासूनपुसून मात्र पाहू नये. नाणे खरे असेल तर त्याची किंमत उतरते आणि खोटे असेल तर परत करताना वाद होतो.

उलट्या दिशेनेही फसवणूक चालते. वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या २०१२ च्या पाच-दहा रुपयांच्या नाण्यांना लाखो रुपये देऊ, असे सांगून आधी कर किंवा कमिशन मागितले जाते. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने निवेदन काढून स्पष्ट केले, की ती अशा व्यवहारांत नाही आणि कोणालाही असे शुल्क गोळा करायला नेमलेले नाही. पैसे गेले असतील तर सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच कळवावे.

परताव्याचे पैसे खात्यात आले, की बहुतेक ग्राहक विषय संपवतात. परत गेलेले नाणे मात्र नव्या फोटोसह, कधी नव्या दुकानाच्या नावाने पुन्हा विक्रीला येते. म्हणून परतावा आणि तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी ठेवाव्यात. परताव्याच्या अर्जात ‘आवडले नाही’ हे सोयीचे कारण निवडले, तर विक्रेत्याच्या नावावर काहीच नोंद राहत नाही. ‘बनावट वस्तू’ निवडून वजनाचे फोटो जोडले, तर राहते. ‘ईबे’ने फेब्रुवारी २०१२ मध्ये नाण्यांच्या प्रतिकृती विकायला बंदी घातली. तरीही नकला तिथे येतातच आणि त्या हटवल्या जातात त्या बहुतांशी नाणी ओळखणाऱ्या ग्राहकांनी एकेक जाहिरात कळवल्यामुळे.