माती दुसऱ्याची, नक्षी आपली

श्रीगोंदा तालुक्याच्या शिवारातली काळी माती उसाला आणि ज्वारीला मानवते, पण चिनी मातीच्या बरणीला ती चालत नाही. दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेल्या या मातीत पाणी पिऊन फुगणारी आणि वाळताना आकसणारी खनिजं असतात. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या त्यांच्यामुळेच. शिवाय तिच्यात लोह भरपूर असतं, त्यामुळे भट्टीतून निघालेलं भांडं तांबडं होतं. पांढऱ्या भांड्याला फेल्डस्पार झिजून बनलेलं, लोह अगदी कमी असलेलं केओलिन लागतं. आपल्याकडे ते सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे सापडतं.

मग माती नसलेल्या गावाने या कलेची आशाच सोडायची का? ओसाकाच्या याबू मेइझान (1853–1934) यांचा व्यवसाय पाहिला की उत्तर मिळतं. 1880 मध्ये त्यांनी फक्त नक्षीकामाचा कारखाना काढला. क्युशू बेटावरच्या सात्सुमा भागातून, म्हणजे आजच्या कागोशिमातून, झिलई (काचेचा पातळ लेप) दिलेली कोरी भांडी ते विकत आणत. ओसाकात त्यांचे चित्रकार ती रंगवत, पुन्हा भाजत, आणि तळाशी याबूंची सोनेरी मुद्रा उमटवून माल परदेशी जाई. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांची भांडी मांडली गेली होती.

हा व्यापार उभा होता तापमानाच्या फरकावर. भांडं आणि त्याची झिलई हजार-बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास पक्की होते. वरचे रंग म्हणजे धातूंची ऑक्साइडं मिसळलेली काचेची पूड: लोहाने लाल, तांब्याने हिरवा, कोबाल्टने निळा. त्या काचेत शिसं घातलं की ती आठशे अंशांच्या आसपासच वितळते. काच बर्फासारखी एका ठरावीक अंशाला वितळत नाही, गुळाच्या पाकासारखी हळूहळू सैल होते. त्यामुळे दुसऱ्या भाजणीत रंग वितळतो, खालची झिलई जेमतेम मऊ होऊन त्याला धरते आणि भांड्याचा आकार जराही बिघडत नाही.

याबूंच्या वाडग्यावर बोटभर जागेत माणसांची रांग दिसते, प्रत्येकाचा चेहरा आणि कपडे वेगळे. हे साधायला त्यांनी तांब्याच्या पत्र्यांवर रेखाटनं कोरून घेतली होती. त्या पत्र्यांचा कागदावर घेतलेला ठसा भांड्यावर उतरवायचा आणि मग बारीक कुंचल्याने रंग भरायचे. सोनं या रंगांहून कमी आचेवर बसतं. ते वितळायला 1064 अंश लागतात, पण इथे ते वितळवायचंच नसतं. सोन्याच्या पुडीतली थोडी काच वितळून तिला भांड्याशी चिकटवते. भट्टीतून ते मंद, निस्तेज निघतं. घोटल्यावर झळाळी येते.

सात्सुमाच्या झिलईवरचं बारीक तड्यांचं जाळंही भौतिकशास्त्रच आहे. थंड होताना झिलई खालच्या मातीपेक्षा जास्त आकसू पाहते. काच ताण सोसत नाही, म्हणून तडकते.

याबूंच्याच सुमारास आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांनी मातीकामाची कार्यशाळा उभी केली होती. तिथे अजिंठ्याची चित्रं भांड्यांवर उतरली.

जुन्या नक्षीदार भांड्यावरून बोट फिरवा. रंग उंचवट्यासारखा लागला तर तो झिलईच्या वर आहे. अशा रंगात शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थाने ते सुटू शकतं. श्रीगोंद्याच्या लिंबांचं लोणचं त्यात मुळीच भरू नये. त्याला साधी, आतून झिलईदार बरणीच बरी.

आज शिसं नसलेले रंग मिळतात, गुजरातेतल्या मोरबीच्या कोऱ्या फरशा मिळतात आणि आठशे अंशांची छोटी विजेची भट्टी एका खोलीत मावते. काळ्या मातीच्या तालुक्यातल्या चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना एवढं भांडवल पुरेसं आहे. आपल्या शाळा-महाविद्यालयांनी ही भट्टी घ्यावी. रसायनशास्त्राचा आणि चित्रकलेचा तास तिथे एकत्र घेता येईल.