अ‍ॅमेझॉनची हवा, बाटलीत!

‘पृथ्वीची फुफ्फुसं’ म्हणजे अ‍ॅमेझॉनचं जंगल, हे वाक्य शाळेतल्या निबंधात आपण सगळ्यांनीच लिहिलंय. पण हे जंगल कार्बन डायऑक्साइड नक्की किती शोषतं, हे मोजायचं कसं? एकेक झाड मोजायला गेलो तर जन्म जाईल.

ब्राझीलच्या ‘इन्पे’ या अंतराळ संशोधन संस्थेतल्या लुसियाना गट्टी यांनी ठरवलं, जंगलावरची हवाच भरून आणायची. छोटं विमान साधारण ४.४ किलोमीटर उंचीवर जातं आणि घिरट्या घालत जंगलापासून काहीशे मीटरवर उतरतं. (मला ताम्हिणी घाटातच मळमळतं, तेव्हा या पायलट लोकांना सलाम!) वाटेत ठरलेल्या उंचीवर एकेक काचेची बाटली भरली जाते.

खरी गंमत लॅबमध्ये. इथला वारा अटलांटिककडून येतो आणि जंगलावरून पश्चिमेकडे जातो. समुद्रावरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड किती होता आणि जंगलावरून आल्यावर किती आहे, यातला फरक म्हणजे जंगलाचा हिशेब. घटला तर शोषला, वाढला तर सोडला. त्याच बाटलीतला कार्बन मोनॉक्साइडही मोजतात. तो धुरात असतो, त्यामुळे वाढीत आगीचा वाटा किती, तेही कळतं.

एका वर्षावर मात्र विसंबता येत नाही. २०१० च्या दुष्काळात जंगलाने भरपूर कार्बन सोडला, तर २०११ मध्ये पाऊस बरा झाला आणि हिशेब जवळपास बरोबरीत सुटला. म्हणून २०१८ पर्यंत, चार ठिकाणी, तब्बल ५९० वेळा हा उद्योग झाला. पेशन्स म्हणजे काय, ते इथे कळतं.

निष्कर्ष २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. आगींमधून वर्षाला सुमारे १५० कोटी टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि जंगल शोषतं ५० कोटी टनांच्या आतच. सगळ्यात वाईट अवस्था आग्नेय भागाची. तिथे तोड प्रचंड झालीय, उन्हाळा जास्त तापतोय, कोरड्या महिन्यांतला पाऊस कमी झालाय. आगीचं सोडाच, धुराचा वाटा पूर्ण वजा केला, तरी तो भाग घेतो त्यापेक्षा जास्तच कार्बन हवेत सोडतोय.