मांजरीचं रंगवायचं चित्र प्रिंट करताय? फसवं बटण, फाईल, कागद आणि शाई यांचं सगळं गणित



मे महिन्यात ताई सुट्टीला माहेरी आली, सोबत पाच वर्षांची भाची. ताईच्या घरची मनी गेल्या पावसाळ्यात गेली. तीनरंगी होती, पांढऱ्या अंगावर काळी आणि तांबूस ठिगळं. दुसऱ्याच दिवशी भाचीने फर्मान सोडलं, "मामा, मनीचं चित्र दे ना. मी रंगवते."

मी कामात होतो. म्हटलं, आजीला सांग. आजीने, म्हणजे माझ्या आईने, फोनवर शोधलं. मांजरींची ढीगभर चित्रं आली, खाली मोठं हिरवं 'डाउनलोड' बटण होतं. तिने ते दाबलं. चित्र काही आलं नाही, एक चौकट मात्र आली. तिथे 'अलाऊ' लिहिलं होतं, तेही दाबलं. रात्रीपासून दर थोड्या वेळाने फोन वाजायला लागला : 'तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस सापडले आहेत, आत्ताच साफ करा.' त्याच फोनवर आईच्या पेन्शनचं बँक ॲप आहे. ती बिचारी घाबरून 'साफ करा'वर बोट ठेवणार, तेवढ्यात ताईने फोन हातातून घेतला.

एका मांजरीच्या चित्रापायी एवढं रामायण! म्हणून आज हा विषय सुरुवातीपासून बघू. चित्र सुरक्षितपणे कसं मिळवायचं, कागदावर नीट कसं उतरवायचं, आणि शेवटी आपल्या स्वतःच्या मांजरीचं पान घरच्या घरी कसं बनवायचं.

१. खरं बटण कोणतं, खोटं कोणतं?

रंगवायच्या चित्रांच्या बऱ्याच साइट फुकट असतात आणि जाहिरातींवर चालतात. जाहिरात देणाऱ्याला माहीत असतं की इथे येणारा माणूस 'डाउनलोड' शोधतोय. म्हणून जाहिरातच त्या बटणासारखी रंगवलेली असते. ओळखायच्या खुणा अशा :

- बटणाच्या कोपऱ्यात बारीक 'ॲड' किंवा फुलीची खूण असेल तर ती जाहिरात.
- चित्राची फाईल पीडीएफ, पीएनजी, जेपीजी किंवा एसव्हीजी असते. 'एपीके' किंवा 'ईएक्सई' उतरू लागली तर ते चित्र नाही, तो प्रोग्राम आहे. लगेच रद्द करा.
- चित्र देण्यासाठी कुठल्याही साइटला नोटिफिकेशनची परवानगी लागत नाही. 'अलाऊ' विचारलं तर 'ब्लॉक' दाबा.
- कार्ड नंबर, ओटीपी मागितला तर सरळ बाहेर पडा.

सोपा मार्ग म्हणजे बटणाच्या नादी न लागता फोनवर मोठ्या केलेल्या चित्रावरच बोट दाबून धरायचं आणि 'डाउनलोड इमेज' निवडायचं. कॉम्प्युटरवर चित्रावर राइट क्लिक करून 'सेव्ह इमेज'.

चुकून 'अलाऊ' दाबलं गेलं असेल तर? आईच्या फोनवर आम्ही हेच केलं : क्रोम उघडून वरचे तीन ठिपके, मग सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसते. अनोळखी नाव निवडून परवानगी बंद करायची. दोन मिनिटांचं काम. तो 'व्हायरस'चा इशारा फोनने दिलेला नव्हताच. त्या साइटने ब्राउझरमार्फत पाठवलेली ती जाहिरात होती.

मात्र घाबरून एखादं ॲप टाकलं गेलं असेल, तर ते काढून टाका, बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. उशीर करू नका.

२. पीडीएफ, पीएनजी की जेपीजी?

चित्र स्क्रीनवर छान दिसतं आणि कागदावर मांजरीच्या पाठीचा जिना होतो, असं का?

फोनवरचं चित्र बहुतेक वेळा बारीक चौकोनांचं, म्हणजे पिक्सेलचं बनलेलं असतं. ए४ कागदावर स्वच्छ छपाईला दर इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर पूर्ण पानाला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. शोधात दिसणारं छोटं चित्र समजा ७०० पिक्सेल रुंद आहे. ते सव्वाआठ इंच कागदावर ताणलं की दर इंचाला जेमतेम ८५ पिक्सेल उरतात. मग रेषांच्या पायऱ्या दिसणारच.

- एसव्हीजी आणि बऱ्याच पीडीएफ : यात पिक्सेल नसतात, रेषा कुठून कुठे जाते याचं गणित असतं. कितीही मोठं छापा, रेषा गुळगुळीत. पहिली पसंती हीच. (काही पीडीएफमध्ये आत साधा फोटोच चिकटवलेला असतो. झूम करून बघा. रेषा फुटली तर तो फोटो आहे.)
- पीएनजी : पिक्सेलचंच, पण साठवताना काहीही गाळत नाही. रेषाचित्राला चांगलं.
- जेपीजी : हा प्रकार फोटोसाठी बनलेला. फाईल लहान करण्यासाठी तो चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे करतो आणि डोळ्यांना फारसं न जाणवणारं तपशील टाकून देतो. फोटोत हे खपून जातं. काळ्या रेषेशेजारी पांढरा कागद असला की मात्र रेषेभोवती करड्या ठिपक्यांची धूळ दिसते.

आता आपल्याकडची नेहमीची चूक. घरी प्रिंटर नाही, म्हणून आपण चित्र झेरॉक्सवाल्या दादांना व्हॉट्सॲपवर पाठवतो. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप ते दाबून लहान करतं. त्याऐवजी क्लिपच्या खुणेवर जाऊन 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फाईल जशीच्या तशी जाते.

३. मिशा का कापल्या जातात?

आमची पहिली प्रिंट आली ती एका बाजूच्या मिशा गायब होऊन. भाची म्हणाली, "हिला कुणी कापलं?"

दोष कागदाच्या मापाचा. रंगवायची बरीच पानं अमेरिकेतल्या साइटवर बनतात आणि तिथे 'लेटर' मापाचा कागद चालतो : २१६ × २७९ मिलिमीटर. आपला ए४ आहे २१० × २९७. म्हणजे आपला कागद उंच आहे, पण ६ मिलिमीटरने अरुंद. शिवाय बहुतेक प्रिंटर कागदाच्या कडेला थोडी जागा कोरीच सोडतात. म्हणून प्रिंटच्या खिडकीत दोन गोष्टी बघा : कागद 'ए४' निवडलेला हवा, आणि 'ॲक्च्युअल साइझ'ऐवजी 'फिट' हवं. चित्र किंचित लहान होतं, पण मिशांसकट येतं.

४. शाई आणि कागद

रंग मुलंच भरणार, तेव्हा प्रिंट 'ब्लॅक अँड व्हाइट' किंवा 'ग्रेस्केल' ठेवा आणि क्वालिटी 'ड्राफ्ट'. रेषा जरा फिकी येते, पण रंगवायला पुरते. करड्या छटा भरलेली, मागे घर-बाग-ढग असलेली चित्रं टाळा. शाईही जाते आणि मुलांना रंगवायला जागाही राहत नाही.

आता महत्त्वाचं : मूल कशाने रंगवणार आहे?

खडू किंवा रंगीत पेन्सिली असतील तर नेहमीचा ७५-८० जीएसएमचा कागद चालतो. स्केचपेन मागे उमटतं, म्हणून खाली रद्दी ठेवा. वॉटर कलर असेल तर साधा कागद फुगतो, त्याला जाड कागद हवा. प्रिंटर किती जाडीचा कागद घेतो ते आधी बघून घ्या.

पाण्याच्या रंगात आणखी एक गंमत आहे. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई पातळ असते. अनेक शाया पाणी लागलं की पसरतात आणि पांढरं मांजर करडं होतं. झेरॉक्स मशीन आणि लेझर प्रिंटरमध्ये शाई नसतेच. टोनर नावाची प्लास्टिकमिश्रित भुकटी असते, ती उष्णतेने कागदावर वितळवून चिकटवलेली असते. तिच्यावर ओला ब्रश फिरवला तरी रेष हलत नाही. म्हणून वॉटर कलरसाठी घरात इंकजेट असला तरी प्रिंट कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून काढा.

वयाचंही बघा. तीन-चार वर्षांच्या मुलाला जाड रेषेचं, एकच मोठं मांजर द्या. सात-आठच्या पुढे अंगावर नक्षी, पट्टे, शेजारी लोकरीचा गुंडा असलं काही चालतं.

५. आपल्याच मांजरीचं पान

तीन-चार पानं रंगवून झाल्यावर भाची म्हणाली, "पण ही मनी नाहीये." खरंच होतं. मग ताईच्या फोनमधला मनीचा खिडकीत बसलेला फोटो काढला. तीन पद्धती करून बघितल्या.

पहिली, कॉम्प्युटरवर. 'गिंप' हे फोटो दुरुस्तीचं सॉफ्टवेअर मोफत आहे. फोटो उघडा, 'डीसॅच्युरेट' करून काळा-पांढरा करा. त्या लेयरची कॉपी करा. वरच्या कॉपीला 'इन्व्हर्ट' करा, मग 'गॉशियन ब्लर' द्या आणि लेयरचा मोड 'डॉज' करा. फोटो पेन्सिलने काढल्यासारखा होतो. शेवटी 'लेव्हल्स'मध्ये जाऊन रेषा गडद करा. अडचण एवढीच की अंगावरच्या केसांच्याही रेषा येतात. ब्लर कमी-जास्त करून बघावं लागतं.

दुसरी, एआय. फोटो देऊन "फक्त जाड काळी बाह्यरेषा, पांढरी पार्श्वभूमी, छटा नकोत" असं सांगितलं. दिसायला सुंदर, पण पंजे मोजा! मांजरीच्या पुढच्या पायाला पाच बोटं असतात (पाचवं जरा वर, आतल्या बाजूला) आणि मागच्याला चार. आमच्या चित्रात शेपट्या दोन होत्या. आणि हो, ज्यात मूल दिसतंय असा फोटो तिथे चढवू नका. आधी क्रॉप करा.

तिसरी, आणि आमच्या घरी जिंकलेली. फोटो ए४वर फिकट छापला. खिडकीच्या काचेवर चिकटवला, वर कोरा कागद ठेवला. उजेडात खालचं सगळं दिसतं. ताईने जाड काळ्या पेनने फक्त मोठ्या रेषा ओढल्या : कान, डोळे, पाठ, शेपटी, आणि मनीच्या अंगावरची ठिगळं. मग फोनवर गूगल ड्राइव्ह उघडून 'स्कॅन' निवडलं आणि काळा-पांढरा फिल्टर लावला. कागदाचा पिवळेपणा, सावल्या गेल्या, पीडीएफ तयार. आता हव्या तितक्या प्रती.

फोटो निवडताना उजेड बाजूने आलेला आणि मागची भिंत साधी असेल असा बघा. मांजर काळं असेल तर फोटोची ब्राइटनेस आधी वाढवा, नाहीतर अंगाच्या रेषा सापडतच नाहीत.

६. कुणाचं चित्र वापरताय?

घरात मुलासाठी एक पान छापणं वेगळं आणि त्याच चित्रांचं पुस्तक करून विकणं वेगळं. हॅलो किटी सॅनरिओ या जपानी कंपनीची आहे, डोरेमॉनचेही हक्कदार आहेत. अशी पात्रं धंद्यासाठी वापरायला परवानगी लागते. मोकळेपणाने वापरायचं असेल तर 'ओपनक्लिपआर्ट'वरची चित्रं सार्वजनिक वापरासाठी खुली आहेत. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक चित्राखाली परवाना लिहिलेला असतो, तो वाचून घ्या. काचेवर स्वतः काढलेलं चित्र मात्र पूर्णपणे तुमचं.

जाता जाता

भाचीने पहिली मनी जांभळी रंगवली. दुसरी हिरवी. तिसऱ्या पानावर तिने काळा आणि तांबूस खडू उचलला, ताईने आखलेल्या ठिगळांत भरला आणि बाकीचं अंग कोरंच ठेवलं. मी विचारलं, "हे राहिलं ना?" तर म्हणाली, "मामा, ती पांढरीच होती."

ते पान ताईच्या फ्रिजवर आहे. पीडीएफ माझ्या ड्राइव्हमध्ये आहे, आणि आईच्या फोनमध्येही. तिने स्वतः उतरवून घेतली, चित्रावर बोट दाबून धरून. मधे एक 'अलाऊ' आलं होतं म्हणे. तिने 'ब्लॉक' केलं आणि मला फोन करून सांगितलं.