पाण्याची उलटी वाट

आपल्या बहुतेक शहरांत नळाला पाणी येते ते ठरावीक वेळी आणि ठरावीक मुदतीपुरते. कोठे पहाटे तास-दोन तास, कोठे दिवसाआड, तर उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी त्याहूनही विरळ. पाणी सुटल्यावर घरोघर उडणारी धांदल, मोटारींची घरघर आणि भरून वाहणाऱ्या टाक्या हा सारा व्यवहार आपल्या नजरेसमोर घडतो. परंतु पाणी बंद झाल्यावर रस्त्याखालच्या नळांत काय चाललेले असते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. चावीवाल्याने मुख्य व्हॉल्व्ह बंद केला की नळातील दाब ओसरू लागतो, उंच भागातले पाणी सखल वस्तीकडे ओघळते, आणि रिकाम्या होत चाललेल्या नळात बाहेरच्या हवेपेक्षाही कमी दाब उत्पन्न होतो. अशा वेळी एखाद्या घरातल्या नळीचे तोंड बादलीत, हौदात किंवा त्याहून अमंगळ जागी बुडालेले असेल, तर तिथले पाणी उलट्या वाटेने त्या नळात ओढले जाते, आणि दुसऱ्या दिवशी पाणी सुटताच शेजाऱ्याच्या पिण्याच्या घागरीत पडते. पाणी नगरपालिकेकडून आपल्याकडेच येणार, हा आपला समज आहे. पाणी मात्र जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाण्याचा एकच नियम पाळते.

हा उलटा प्रवाह दोन कारणांनी घडतो. पहिले कारण वर सांगितलेल्या शोषणाचे. रॉकेलच्या पिंपात नळी बुडवून दुकानदार ती एकदा ओढून घेई आणि मग रॉकेल आपोआप डब्यात उतरू लागे, तेच तत्त्व येथे काम करते. फरक इतकाच, की ओढणारे तोंड रस्त्याखाली असते आणि ते कोणाला दिसत नाही. दुसरे कारण घराच्या बाजूने वाढलेल्या दाबाचे. पाण्याचा दहा मीटर उंचीचा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम दाब देतो. म्हणजे चार-पाच मजली इमारतीच्या गच्चीवरील टाकीचा भार तळमजल्यावर दीड किलोच्या आसपास भरतो. रस्त्याच्या नळातला दाब पुष्कळदा याहून कमी असतो. मोटार, गिझर किंवा गच्चीवरची टाकी यांपैकी कोणाचाही दाब बाहेरच्या दाबाला भारी पडला आणि मध्ये अटकाव नसला, तर पाणी मागे फिरते.

ही भीती कल्पनेतली नव्हे. १९६९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, वुस्टर येथील होली क्रॉस महाविद्यालयाच्या फुटबॉल संघात काविळीची साथ पसरली. ९७ जणांपैकी ९० जणांना लागण झाली आणि दोन सामन्यांनंतर संघाला तो हंगामच सोडून द्यावा लागला. चौकशीअंती असे निष्पन्न झाले, की शहरात आग विझविण्यासाठी बंबांनी भरमसाट पाणी उपसल्यामुळे नळातील दाब एकाएकी कोसळला, आणि सराव-मैदानाजवळ जमिनीत बसविलेल्या तुषार-नळांच्या खळग्यांत साचलेले दूषित पाणी खेळाडूंच्या पिण्याच्या नळात शोषले गेले. अगदी एखाद्या घटकेपुरती दाबाची घसरण एवढा अनर्थ करू शकली; आपल्याकडे तर दाबाची ही घसरण रोज, वेळापत्रकानुसार, नगरपालिकेच्या हुकमाने होत असते. आपल्या देशातले उदाहरण पाहावयाचे तर १९५५-५६ च्या हिवाळ्यातील दिल्लीचे पाहावे. तेथे नजफगड नाल्याचे सांडपाणी यमुनेच्या पात्रात उलट चढून वजिराबादच्या पाणी उचलण्याच्या ठिकाणापर्यंत पोहोचले, आणि काविळीच्या २९,००० हून अधिक रुग्णांची नोंद झाली. तो प्रकार घरातल्या नळाचा नव्हे, नदीचा. परंतु पाणी उलटे फिरले म्हणजे काय होते, याचा तो दाखला आहे.

घरगुती व्यवस्थेत या उलट्या प्रवाहाचा बंदोबस्त करण्याचे काम ज्या पुर्ज्याकडे असते, त्याला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतात. प्लंबर आणि हार्डवेअरचे दुकानदार त्याला नुसते ‘एन. आर. व्ही.’ म्हणून ओळखतात. पितळी एक इंची व्हॉल्व्हची षट्कोनी टोपी पान्याने सोडवून आत पाहिले, तर एका बारीक खिळीवर लोंबणारी, रुपयाएवढी चपटी झडप दिसते. पाणी पुढे वाहू लागले की ती उचलली जाते आणि प्रवाह थांबताच आपल्या वजनाने बैठकीवर येऊन टेकते. दुसऱ्या प्रकारात झडपेऐवजी स्प्रिंगने दाबून धरलेली चकती असते. जमिनीखालच्या टाकीत मोटारीच्या शोषण-पाइपाच्या टोकाला जाळीसह जो फूटव्हॉल्व्ह बसवितात, तोही याच घराण्यातला. याशिवाय मोटारीच्या पुढल्या पाइपावर, गिझरच्या थंड पाण्याच्या जोडावर आणि आर. ओ. यंत्राच्या पोटात बारीक नळीवरही असे अटकाव असतात. घरात ते इतक्या ठिकाणी असूनही त्यांची आठवण होते ती काही बिघडल्यावरच, कारण निकामी झालेला नळ टपटपतो आणि तक्रार करतो, तर निकामी झालेला व्हॉल्व्ह पाणी पुढे नेण्याचे काम पूर्वीइतकेच चोख करीत राहतो आणि परत न येऊ देण्याचे काम मात्र मुकाट्याने सोडून देतो.

तथापि जाणत्या माणसाला त्याची लक्षणे ओळखता येतात. रोज बिनतक्रार पाणी चढविणारी मोटार एखाद्या सकाळी नुसतीच फिरू लागली, ‘हवा धरली’ म्हणून तिच्यात तांब्याने पाणी ओतावे लागले, आणि हा प्रकार पुनःपुन्हा होऊ लागला, तर बहुधा फूटव्हॉल्व्ह गळत असतो. मोटार बंद करून तिच्या पाणी भरण्याच्या तोंडापर्यंत पाणी भरावे आणि पातळी पाहत राहावे. ती खाली जाऊ लागली, तर फूटव्हॉल्व्ह अथवा त्याचा पाइप दोषी आहे, आणि ती जागच्या जागी राहिली, तर दोष दुसरीकडे शोधावा. मोटार बंद होताच तिचा पंखा काही क्षण उलटा फिरल्याचा आवाज आला, तर पुढल्या पाइपावरचा व्हॉल्व्ह बसत नाही असे समजावे. बंद होण्याच्या क्षणी पाइपात ‘धाड्’ असा दणका बसत असेल, तर झडप बंद होते खरी, परंतु उशिरा. पाणी मागे फिरून वेग घेते आणि तिच्यावर आदळते. हा दणका दुर्लक्षिला तर कालांतराने सांधे सैल होतात. रात्री कोणी पाणी वापरले नसताना गच्चीवरची टाकी उतरली आणि खालची भरून वाहू लागली, हेही याच दोषाचे चिन्ह होय. मात्र वर चढणारा पाइप टाकीत तळाशी शिरत असेल किंवा त्याचे तोंड पाण्यात बुडत असेल तरच हे घडते.

स्नानगृहातली लक्षणे निराळी. थंड पाण्याचा नळ सोडल्यावर आधी कोमट किंवा गरम पाणी आले, आणि गिझरला थंड पाणी पुरविणारा पाइप गिझरपासून हातभर अंतरावरही ऊन लागला, तर तेथला अटकाव निकामी झाला आहे असा संशय घ्यावा. परंतु निर्णय देण्यापूर्वी मिक्सर तपासावा. मिक्सरचे दोन्ही नळ उघडे आणि पुढला शॉवर अथवा जेट बंद असेल, तर गरम-थंड पाणी त्यातूनच एकमेकांत मिसळते आणि बिचारा व्हॉल्व्ह विनाकारण बदलला जातो. पाणी तापत असताना गिझरच्या सुरक्षा-व्हॉल्व्हमधून काही थेंब गळणे हे मात्र दुखणे नव्हे. तापून फुगलेल्या पाण्याला ती वाट मुद्दाम ठेवलेली असते, आणि ती बुच मारून बंद करणे हा गिझर फुटण्यास दिलेला परवानाच होय. आर. ओ. यंत्राची टाकी भरल्यावरही सांडपाण्याची नळी तासन्तास वाहत राहिली, तर तेथेही पुष्कळदा आतल्या बारीक अटकावाचीच कसूर असते.

सर्वांत गंभीर लक्षण म्हणजे पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे येणारे गढूळ किंवा दुर्गंधीयुक्त पाणी, अथवा पाणी नसण्याच्या वेळी उलटा फिरणारा मीटरचा काटा. अशा वेळी स्वतःच्या घरातल्या दुरुस्तीवर न थांबता नगरपालिकेच्या पाणी खात्याकडे तक्रार नोंदवावी. पाण्यात ओ. टी. (ऑर्थोटोलिडिन) या द्रावणाचे थेंब टाकून पिवळा रंग येतो की नाही हे पाहण्याची साधी परीक्षा तेथले कर्मचारी करतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असावा असे आपले भारतीय मानक सांगते. रंग उमटला नाही, तर तक्रारीचा निकाल लागेपर्यंत पाणी उकळूनच प्यावे.

संशय आला म्हणून व्हॉल्व्ह लगेच फेकून देण्याचे कारण नाही. आधी त्याची परीक्षा घ्यावी. व्हॉल्व्हच्या अलीकडची चावी बंद करावी, आणि ती चावी व व्हॉल्व्ह यांच्यामधला नळ किंवा बुच उघडावे; साचलेले थोडे पाणी वाहून थांबले तर झडप नीट बसते आहे, आणि धार किंवा टपटप चालूच राहिली तर ती मागून पाणी सोडते आहे. अशा परीक्षेसाठी मध्ये एखादी तोटी ठेवण्याची तजवीज बांधकामाच्या वेळीच केलेली बरी. दोष सिद्ध झाला म्हणजे मोटारीचा अथवा गिझरचा विजेचा प्रवाह मुख्य स्विचपासून तोडावा, दोन्ही बाजूंच्या चाव्या बंद कराव्यात, पाइपातले पाणी काढून टाकावे, आणि एका पान्याने व्हॉल्व्हचे अंग धरून दुसऱ्याने टोपी सोडवावी. एकाच पान्याने जोर केल्यास पाइप पिळवटतो आणि एका गळतीच्या दोन होतात.

आत जे आढळते ते बहुधा क्षुल्लक असते. वाळूचा एखादा कण, गंजाची खपली, किंवा मागच्या दुरुस्तीच्या वेळी सांध्यातून सुटलेला टेफ्लॉन-टेपचा पांढरा तुकडा झडपेच्या कडेखाली अडकलेला असतो, आणि केसाएवढ्या त्या फटीतून रात्रभर पाणी मागे जात असते. बोअरच्या जड पाण्याने क्षारांचा थर चढला असेल, तर भाग काढून व्हिनेगरमध्ये काही काळ ठेवावेत आणि जुन्या टूथब्रशने घासावेत. पितळेची बैठक सळईने किंवा पॉलिश-पेपरने खरडू नये. रबराची चकती दगडासारखी घट्ट झाली असेल किंवा तिच्यावर बैठकीचा खोल वळ उमटला असेल, तर ती बदलावी. बैठकच खड्डे पडून खराब झाली असेल, तर दुरुस्तीच्या नादी न लागता नवा व्हॉल्व्ह बसविणे स्वस्त पडते. नवा बसविताना अंगावरचा बाण पाण्याच्या इष्ट दिशेकडे आहे ना, हे पाहावे. आडव्या पाइपावर झडपेची टोपी वर असावी, आणि उभ्या पाइपावर झडपेचा व्हॉल्व्ह बसवावयाचा तर पाणी वर चढणारे असावे, कारण खाली उतरणाऱ्या पाण्यात ती लोंबती झडप मिटतच नाही. व्हॉल्व्हच्या अलीकडे एक गाळणी आणि दोन्ही बाजूंना युनियन (सोडता येणारे जोड) ठेवले, तर पुढच्या वेळी पाइप न कापता सारे काम उरकते. मीटरजवळच्या जोडाला मात्र स्वतः हात लावू नये. तेथे परवानाधारक प्लंबर आणि नगरपालिकेची संमती, दोन्ही हवीत.

एवढे करूनही एक गोष्ट मनाशी पक्की धरावी, की कोणताही व्हॉल्व्ह कायमचा विश्वासू नसतो. उलट्या प्रवाहाविरुद्धचा खरा आणि कधीही न बिघडणारा उपाय म्हणजे हवेचे अंतर. टाकीत पाणी सोडणाऱ्या नळाचे तोंड टाकी भरून वाहण्याच्या पातळीच्या वर, नळाच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतरावर असेल, तर रस्त्याच्या नळात कितीही शोषण झाले, तरी त्याच्या वाट्याला हवाच येते, पाणी येत नाही. या उपायाला स्प्रिंग नाही, रबर नाही आणि दुरुस्तीही नाही. बादलीच्या तळाशी सोडून ठेवलेली रबरी नळी, संडासच्या भांड्यात लोंबणारा जेट, टाकीतल्या पाण्यात बुडालेले बॉलकॉकचे तोंड या तीन सवयी मोडल्या, तर घरातला बराचसा धोका विनाखर्च टळतो.

आणि नगरपालिकेच्या नळावर थेट मोटार लावण्याची जी वहिवाट आपल्या वस्त्यांत पडली आहे, तिला तर कोणताही व्हॉल्व्ह पुरा पडत नाही. मोटार आपल्यासाठी पाणी ओढते तेव्हा रस्त्याखालच्या प्रत्येक फुटक्या सांध्यातून भोवतालचे सांडपाणीही ओढते, आणि ते पहिल्यांदा आपल्याच टाकीत येते. पथके येऊन मोटारी जप्त करतात याचा राग धरण्याआधी हे ध्यानात घ्यावे. बहुतेक सोसायट्यांच्या वार्षिक खर्चात टाक्या धुण्याची बाब असते. त्याच दिवशी त्याच माणसाकडून सर्व व्हॉल्व्ह उघडून, तपासून, तारीख लिहून ठेवण्याचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत मांडावा, आणि सभासदांनी तो एकमताने मंजूर करावा.